सह्या तेवढ्याच लागतात, मग तारीख बदलल्यानं काय बिघडतं?

तुमचा प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या काही राज्यांत नागरिक सह्या गोळा करून एखादा कायदा थेट मतदानाला लावू शकतात, मग सह्यांची संख्या तीच ठेवून नुसती याचिका दाखल करायची मुदत अलीकडे आणली, तर एवढा गहजब कशाला?

मी साउथ डकोटात सू फॉल्सला राहते. नागरिक नसल्यामुळे मला सही करता येत नाही, पण शेजारच्या बाई गेली काही वर्षं याचिकांसाठी सह्या जमवतात, त्यामुळे हे काम जवळून पाहिलंय. लोकांच्या हाती हा हक्क देणारं हे अमेरिकेतलं पहिलं राज्य, १८९८ सालापासून. इथे २०२५ मध्ये विधिमंडळानं मुदत मे महिन्याच्या पहिल्या मंगळवारवरून फेब्रुवारीच्या पहिल्या मंगळवारवर आणली. म्हणजे सरळ तीन महिने कापले. नव्या कायद्यासाठी १७,५०८ वैध सह्या लागतात, घटनादुरुस्तीसाठी ३५,०१७. हे आकडे होते तसेच राहिले.

सही म्हणजे नुसती सही नाही. नाव, पत्ता, काउंटी (म्हणजे जिल्हा), तारीख, सगळं वाचता येईल असं लिहावं लागतं. कागद भरला की सह्या घेणाऱ्यानं नोटरीसमोर शपथ घ्यायची. जानेवारीत पारा शून्याखाली वीस अंशांवर गेला की पेनातली शाई थिजते आणि हातमोजा काढून एवढं लिहायला कोणी थांबत नाही. एप्रिलमध्ये माणसं पुन्हा बाहेर पडतात. मुदत फेब्रुवारीत संपली, तर नेमका तो एप्रिल हातचा जातो.

पण माझ्या मते खरं नुकसान थंडीचं नाही, अधिवेशनाचं आहे. इथलं अधिवेशन जानेवारीच्या दुसऱ्या मंगळवारी सुरू होतं आणि मार्चमध्ये संपतं. मंजूर झालेल्या कायद्याविरुद्ध जनमत मागायची वाट वेगळी आहे. पण लोकांना हवं असलेलं विधेयक आमदारांनी फेब्रुवारीच्या अखेरीस फेटाळलं, तर त्याला उत्तर म्हणजे हीच याचिका. मे महिन्याची मुदत असेल, तर तयारीत असलेल्यांना त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते लोकांपुढे नेता येतं. फेब्रुवारीची असेल, तर अधिवेशन अर्ध्यावर यायच्या आतच दार बंद. मग पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत, अडीच वर्षांहून जास्त, थांबा.

सरकारी बाजूही ऐकण्यासारखी आहे. सह्यांची पडताळणी, मग कोणी कोर्टात गेलं तर सुनावणी, मग मतपत्रिकांची छपाई. या सगळ्याला वेळ लागतो. मतदान नोव्हेंबरात असलं, तरी आगाऊ मतदान ४६ दिवस आधी सुरू होतं. तरीही मेपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चार महिने उरतात. ते पुरत नसतील, तर पडताळणीला माणसं वाढवा, सुनावणीला कालमर्यादा घाला. लोकांचे महिने कशाला कापता?

याआधी तर मुदत निवडणुकीच्या पूर्ण एक वर्ष आधी संपायची. नव्या कायद्याच्या याचिकांपुरती ती अट फेडरल, म्हणजे केंद्रीय, कोर्टानं रद्द केली, २०२३ मध्ये अपील कोर्टानंही ती घटनाबाह्य ठरवली, आणि मे महिना त्यानंतर आला. म्हणजे दोनच वर्षांत पुन्हा कात्री. ऑगस्ट २०२५ मध्ये फेडरल न्यायाधीश कॅमेला थीलर यांनी फेब्रुवारीची मुदतही अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात ठरवून तिची अंमलबजावणी रोखली.

तारखेचा खेळ इथे फक्त मुदतीपुरता नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना, वाढवण्याचा प्रस्ताव मतदानाला येणार होता. विधिमंडळानं त्याआधीच, जूनच्या प्राथमिक निवडणुकीत (पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या), मोठ्या खर्चाच्या प्रस्तावांना ६० टक्के मतं हवीत अशी दुरुस्ती ठेवली. प्राथमिकला मतदार कमी येतात. तरी लोकांनी ती सुमारे दोन तृतीयांश मतांनी धुडकावली आणि नोव्हेंबरात मेडिकेडचा प्रस्ताव ५६ टक्क्यांनी मंजूर केला. जूनची ती दुरुस्ती मंजूर झाली असती, तर तेवढी मतं पुरली नसती.