युद्ध, मंदी आणि हवा शिकून पोट भरेल का?

प्रश्न : मुलगी वणीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, भौतिकशास्त्र आणि गणित. युद्ध-मंदीनं हवेतलं प्रदूषण कसं बदलते, हे शिकायचं म्हणते. आमची चार एकर कोरडवाहू. त्यापेक्षा बी.एड. बरं नाही का?
– एक पालक, वणी तालुका

उत्तर : भाऊ, विषय हवेतला असला तरी हवेत नाही. ‘ऑरा’ हा नासाचा उपग्रह 2004 मध्ये सुटला. गाड्या, कारखाने, वीजकेंद्रं यांतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड हा वायू तो वरून मोजू लागला. 2011 मध्ये सीरिया यादवी युद्धात पेटला आणि पुढच्या काही वर्षांत तिथल्या दमास्कस, अलेप्पो या शहरांवरचा हा वायू 40 ते 50 टक्क्यांनी घटला. निर्वासित शेजारच्या लेबनॉनमध्ये गेले, तिथे तो वाढला. ग्रीसमध्ये तर गंमतच. मंदीत गाड्या-कारखाने थंडावले, हा वायू कमी झाला. पण घर तापवायचं तेल महागलं, लोकांनी लाकडं पेटवली आणि हिवाळ्यात अथेन्स धुरानं भरलं. सिलिंडर परवडेना की आपल्याकडे पऱ्हाट्या चुलीत जातात, तसंच. म्हणजे आकडा उतरला की हवा सुधारली, असं नाही. कारण शोधणारा माणूस लागतो, आणि कोळशाच्या पट्ट्यात वाढलेल्या मुलीला ते शोधायला कुणी शिकवावं लागणार नाही.

नुसत्या ‘पर्यावरण’ नावाच्या पदवीला मात्र भुलू नका. तिचं भौतिकशास्त्र-गणित हेच भांडवल. पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्राची एम.एस्सी. आहे, पुढे नेट (प्राध्यापकी-संशोधनासाठीची परीक्षा), पीएच.डी. पुण्याची आयआयटीएम (हवामानशास्त्राची संस्था), नागपूरची नीरी (पर्यावरण संशोधनाची संस्था) इथे संशोधन चालतं. पण कायम जागा थोड्या, प्रकल्पावरची कंत्राटी कामं जास्त, हे धरून चाला. बी.एड. नंतरही करता येतं. आणि त्यानंतर खासगी संस्थेत जागेसाठी काय मागतात, ते मी तुम्हाला काय सांगू!

आधी तिची पारख करा. उपग्रहाची माहिती वाचायला शिकवणाऱ्या, देहरादूनच्या आयआयआरएस या इस्रोच्या संस्थेचे ऑनलाइन कोर्स मोफत असतात. थोडं पायथॉन (संगणकाची भाषा) शिकून, हाच वायू मोजणाऱ्या ‘सेंटिनेल-5पी’ उपग्रहाची फुकट माहिती घेऊन चंद्रपूरचा एप्रिल 2019 आणि लॉकडाऊनमधला एप्रिल 2020 तिनं ताडून पाहावा. वीजकेंद्रांवर काय दिसतं, रस्त्यांवर काय, ते तुम्हाला समजावून सांगावं. त्यात रमली तर पाठवा. कंटाळली तर बी.एड. आहेच.

जातीचा, उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा. प्रवेशाच्या दिवसांत तहसीलला रांगा लागतात आणि महाडीबीटीचा शिष्यवृत्ती अर्ज त्यापायी अडतो.