आई गेल्यापासून प्रार्थनाच करवत नाही. ख्रिस्ती श्रद्धेने खरंच बरं होता येतं का?

तुम्ही लिहिलंय की प्रार्थनेला बसलं की शब्दच फुटत नाहीत, आणि त्याचंच मग अपराधी वाटतं. मीही तिथेच अडकले होते. माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना गेला. त्याच्या आजारपणात चर्चची अख्खी मंडळी उपास करून प्रार्थना करत होती. तो बरा झाला नाही.

नंतर घरी येणारा प्रत्येक जण एखादं वचन घेऊनच यायचा. देवाची योजना असते, देवाला तो जास्त लाडका होता. एकीने तर विचारलं, विश्वासात कुठे कमी पडलात का? (त्यापेक्षा बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र बरे म्हणायचे. निदान पहिले 7 दिवस आणि 7 रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. आणि शेवटी देवाचा कोप झाला तो त्यांच्यावर. माझ्याविषयी खरं बोलला तो ईयोब, असं देवच म्हणतो.)

मी उपासनेला जात राहिले, पण गात नव्हते. नुसती उभी राहायचे. आमच्या पाळकांनी उपदेश केला नाही, फक्त म्हणाले, "बायबलमधलं 88वं स्तोत्र वाचून बघा." विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटाकडे स्तुतीकडे वळतात. हे वळतच नाही, अंधारातच संपतं. दीडशे स्तोत्रांत हे कुणीतरी राहू दिलं, शेवट गोड करायला एक ओळ जोडली नाही, याचा मी कितीतरी दिवस विचार करत होते. म्हणजे देवापुढे असंही बोललेलं चालतं! त्या रात्री कितीतरी महिन्यांनी मी प्रार्थना केली. प्रार्थना कसली, भांडलेच.

तिथून थोडं सुटायला लागलं. येशूने वधस्तंभावर "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" म्हटलं, ते 22व्या स्तोत्राचं पहिलंच वाक्य. म्हणजे त्यालाही त्या घडीला विलापाचेच शब्द आठवले. लाजर या मेलेल्या मित्राच्या कबरेपाशी तर, थोड्याच वेळात त्याला उठवणार हे ठाऊक असूनही, तो रडला. पुनरुत्थानावर विश्वास आहे ना, मग रडता कशाला, असं विचारणाऱ्यांना मी हेच सांगते. प्रेषित पौलानेही थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती लोकांना शोकच करू नका असं लिहिलं नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा करू नका, असं लिहिलं.

आता "बरं होता येतं का" याबद्दल. मुलाची उणीव भरून निघाली, असं मी कधीच म्हणणार नाही. पुनरुत्थित प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते, शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला ते दाखवता आले. मृत्यूवर जय मिळवलेल्या देहावर जखमांच्या खुणा राहतात, तर माझ्या मनावर राहिल्या यात अविश्वास कसला? मुलगा पुन्हा भेटेल यावर माझा विश्वास आहे. काही दिवस तो घट्ट असतो, काही दिवस त्याला नुसती धरून असते.

आणखी एक. मला झोप येईना तेव्हा मी मानसोपचार घेतले, गोळ्याही घेतल्या. तेही काहींना खटकलं. पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं होतं, आणि लूकला तो "प्रिय वैद्य" म्हणतो. तेव्हा गरज वाटली तर डॉक्टरकडे जायला बिचकू नका.

शब्द सुचत नसतील तर सध्या स्वतःचे शोधूच नका. 88वं स्तोत्र उघडा आणि मोठ्याने वाचा, एकट्याने वाचवत नसेल तर कुणाला तरी शेजारी बसवून. फक्त असं माणूस निवडा, जे वाचून झाल्यावर काही समजावायला लागणार नाही.