जुनी जिप्सी, सडलेला पत्रा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझी १९९८ची मारुती जिप्सी किंग आहे. गाडी देवगडला, समुद्रापासून जवळच उभी असते. ड्रायव्हर टाच टेकवतो तिथला फ्लोअरचा पत्रा सडून आरपार भोक पडलं आहे. गॅरेजवाले म्हणतात, जुन्या पत्र्यावरच नवा पत्रा ठेवून रिव्हेट मारू, वरून डांबर लावू, दोन दिवसांत गाडी देऊ. असं करून घ्यावं का?

उत्तर: अजिबात नको. सडक्या पत्र्यावर चांगला पत्रा ठेवला की दोघांच्या मध्ये खारं पाणी अडकतं. ते सुकत नाही, दिसतही नाही. खालचा गंज वरच्या नव्या पत्र्याला आतून लागतो आणि डांबर वरून शाबूत दिसत राहतं. एक-दोन पावसाळ्यांत भोक पुन्हा पडेल, आणि तोवर शेजारचा सिल (दरवाजाखालची पोकळ पट्टी) आणि बॉडी माउंटची (बॉडी रबर ठेवून चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर बोल्टनं बसते ती) जागाही सडायला लागलेली असेल. फ्लोअरचं काम एका दिवसात निघतं, सिल आणि माउंटचं तसं नाही.

ग्राइंडर हातात घेण्याआधी पाणी आत कुठून येतं ते शोधा. सीट, मॅट आणि मॅटखालचे डांबरी पॅड काढून टाका. एकानं टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून पाइपनं पाणी मारायचं. सुरुवात खालून करा: आधी चाकाच्या कमानीतून, मग दरवाजाचं रबर, मग फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) वायरिंग जातं तिथले ग्रॉमेट, म्हणजे रबरी कडी, आणि शेवटी विंडस्क्रीनची चौकट. वरून सुरुवात केलीत तर ओघळ सगळीकडे पसरतो आणि खरी जागा कळत नाही. फ्लोअरमधली पाणी काढायची भोकं रबरी बुचांनी बंद असतात. ही बुचं कडक होऊन चिरली की खालून उडालेलं पाणीही त्यातून आत येतं.

आता सडकी जागा किती ते ठरवा. स्क्रूड्रायव्हरनं टोचत आणि छोट्या हातोडीनं ठोकत बाहेरच्या दिशेनं जा. चांगला पत्रा टणक वाजतो, सडका बद्द वाजतो. आवाज टणक झाला की त्याच्या २५-३० मिमी पुढे खडूनं रेघ मारा आणि तिथे कापा. दिसणारं भोक हाताच्या पंजाएवढं असलं तरी कापायची जागा बहुतेक वेळा त्याच्या दुप्पट-तिप्पट निघते. कोपरे काटकोनात कापू नका, गोल ठेवा. चौकोनी कोपऱ्यापासून पुढे चीर जाते.

कापण्यापूर्वी तीन गोष्टी कराच. बॅटरी काढा. पेट्रोलची टाकी मागच्या बाजूला खाली आहे, ती उतरवून गाडीपासून लांब ठेवा, कारण रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते. तिसरी गोष्ट म्हणजे बॉडी चासीवर बोल्टनं आवळलेलीच राहू द्या आणि एका वेळी एकाच बाजूचा फ्लोअर कापा. सिलही कापावा लागणार असेल तर दरवाजाच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत एक पाइप आडवा वेल्डचे टाके मारून ठेवा आणि चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवा. हे केलं नाही तर काम संपल्यावर दरवाजा लागत नाही, आणि मग बिजागऱ्या वाकवण्याचे उद्योग सुरू होतात.

पत्रा सीआर (कोल्ड रोल्ड) घ्या, मूळच्या जाडीचा. चांगल्या जागी व्हर्नियर लावून मोजा, साधारण १८ ते २० गेज निघेल, म्हणजे १.२ ते ०.९ मिमी. जाड घेतला तर तो मूळ पत्र्याशी नीट जुळत नाही आणि वेल्डिंग करताना शेजारचा पातळ पत्राच जळतो. गॅल्व्हनाइज्ड पत्रा मजबूत म्हणून सुचवला जातो, पण वेल्डिंगला जस्त जळून टाक्यात बुडबुडे राहतात आणि तो धूर नाकात जाऊन ताप येतो. मूळ फ्लोअरवर उठवलेल्या पन्हाळ्या असतात, त्या पत्र्याला ताठपणा देतात. नव्या तुकड्यात त्या काढल्या नाहीत तर गाडी चालताना पत्रा थरथरतो आणि टाके सुटतात. गॅरेजात बीड रोलर नसेल तर दोन अँगलच्या मध्ये धरून ठोकूनही पन्हाळी काढता येते.

वेल्डिंग सीओटूचंच (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात तारेनं होणारं) हवं, ०.८ मिमी तारेचं. गॅसनं पत्रा वाकतो, आर्कनं भोकं पडतात. फ्लोअरला १२-१५ मिमीचा ओव्हरलॅप चालतो. वरच्या पत्र्याला दर ३०-४० मिमीवर ६ ते ८ मिमीचं भोक पाडून ते भोक वेल्डनं भरायचं. एकमेकांवर येणाऱ्या दोन्ही बाजूंना आधी जस्ताचा वेल्ड-थ्रू प्रायमर (ज्यावरून वेल्डिंग करता येतं तो) लावा, कारण तिथे नंतर ब्रश पोहोचणार नाही. टाके समोरासमोरच्या बाजूंनी आलटून पालटून मारा, एका जागी सलग १५-२० मिमीपेक्षा जास्त ओढू नका. गार व्हायला थांबा, पाणी ओतू नका.

सगळ्यात जास्त घाई होते ती यानंतर. उघडा पत्रा कोकणच्या हवेत रात्रभर ठेवला की सकाळी त्यावर तांबूस साय दिसते. म्हणून घासलं त्याच दिवशी थिनरनं पुसून इपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्या. साधा रेड ऑक्साइड पाणी शोषतो, तो इथे चालणार नाही. प्रायमर सुकल्यावर सांध्यांना वरून आणि खालून पीयू (पॉलियुरेथेन) सीलर, मग खालून अंडरबॉडी कोटिंग, आणि सिलच्या पोकळीत लांब नळीनं कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं मेण). पाणी काढायची भोकं वॅक्सनं बुजली नाहीत ना ते पाहा आणि बुचं नवी बसवा. रस्ट कन्व्हर्टरचा उपयोग फक्त टिपके पडलेल्या शाबूत पत्र्यावर होतो, भोक त्यानं भरत नाही.

हे काम नोव्हेंबर ते मे या काळातच करा. तोवर भोकावर तात्पुरती पट्टी चालेल, पण मॅट काढून ठेवा, म्हणजे ओल तरी सुकत राहील.

प्रश्न: महिंद्राच्या एमएम ५४० जीपची विंडस्क्रीन खालच्या बाजूनं गळते. दोनदा सिलिकॉन भरलं, पण गळती थांबत नाही आणि काचेखाली रंगाला फुगे आले आहेत. (वाचक, महाड)

उत्तर: फुगे आले म्हणजे रबराखालचा पत्रा सडायला लागला आहे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या, व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनमधून सुकताना अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं. ते पत्रा खातं, आणि त्यावर पुढे रंगही धरत नाही. ते सगळं खरवडून काढावं लागेल.

काच काढताना जुनं रबर सरळ कापा, ते वाचवण्याच्या नादात काच तडकते. चौकट बिजागरीवरून सोडवून टेबलावर आडवी घ्या. खालची पट्टी आणि दोन्ही कोपरे घासून पाहा. पट्टी सडली असेल तर तेवढा तुकडा कापून नवा जोडा. इथे ओव्हरलॅप नको. कडेला कड जोडून वेल्ड करा आणि घासून सपाट करा, नाहीतर त्या जाडीवर रबर बसत नाही आणि पुन्हा तिथूनच गळतं. लांबी (पुट्टी) लावायचीच तर इपॉक्सी प्रायमरवर, २ मिमीच्या आत आणि फक्त बाहेरच्या तोंडाला. रबर बसतं त्या कडेवर लांबी नको, ती चिरते.

बसवताना नवं रबर आधी काचेवर चढवा. चौकटीवर बसणाऱ्या खाचेत चार-पाच मिमीची सुती दोरी घाला आणि तिची दोन्ही टोकं खालच्या बाजूला मध्यभागी एकमेकांवरून बाहेर सोडा. रबराला साबणाचं पाणी लावून काच बाहेरून चौकटीवर टेकवा. एकानं बाहेरून तळहातानं दाबत राहायचं आणि दुसऱ्यानं आतून दोरी ओढत जायची. दोरी जिथून निघते तिथे रबराची कड चौकटीवर चढत जाते. साबण सुकल्यावर बाहेरच्या कडेखाली न सुकणारा ब्यूटाइल सीलर भरा.

प्रश्न: लष्कराच्या लिलावातून आलेली जिप्सी घेतली आहे. रंग ऑलिव्ह ग्रीनच ठेवायचा आहे. चालेल ना? (वाचक, सातारा)

उत्तर: चालणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना आहे. दुसरा रंग द्या आणि तो आरसीवर नोंदवून घ्या. जुन्या रंगावरच नवा मारण्याआधी एक पॅच खरवडून पाहा. वरचेवर मारलेल्या रंगाचे थर बरेच जाड झालेले असतील तर पत्र्यापर्यंत उतरवलेलं बरं, नाहीतर नवा रंग पापुद्र्यानं निघतो.

प्रश्न: जिप्सी किंगला २३५/७५ आर१५ टायर घालायचे आहेत. चाकाच्या कमानी कापाव्यात की बॉडी ५० मिमी उचलावी? (वाचक, पुणे)

उत्तर: दोन्ही टाळावं असं आमचं स्पष्ट मत आहे. कंपनीच्या २०५/७० आर१५च्या तुलनेत या टायरचा व्यास सुमारे ६५ मिमी जास्त. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६६च्या आसपास असेल, आणि तेच ब्रेक ते जड चाक थांबवणार.

मागच्या कमानीत आतला आणि बाहेरचा पत्रा एकाच कडेवर स्पॉट वेल्डनं जोडलेला असतो. ती कड कापली की दोन पत्रे सुटे होतात आणि चिखल थेट पोकळीत जातो. बॉडी उचलली तर स्टिअरिंगचा दांडा ताणला जातो, कारण स्टिअरिंग बॉक्स चासीवर आणि कॉलम बॉडीवर असतो. पंखा रेडिएटरच्या आच्छादनाला घासू शकतो, पेट्रोल भरायची नळी आखडते, गिअरचा दांडा फ्लोअरच्या भोकात अडतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतल्या तपशिलाशी विसंगत ठरणारे असे बदल करता येत नाहीत. कलम १८२ए मध्ये मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीची तरतूद आहे. गाडी पंधरा वर्षांपुढची असेल तर नोंदणीच्या नूतनीकरणाच्या तपासणीतही हे अडेल.

चाक कमानीला आत्ताच घासत असेल तर टायरआधी बॉडी माउंटचे रबर बघा. जुन्या जिप्सीत ते दबून बॉडी एका बाजूला खाली बसते. बोल्टांना आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. रबर एकेक नाही, सगळे एकदम बदला, आतल्या लोखंडी बाहीसकट. सगळे बोल्ट आधी हातानं लावा, गाडी चाकांवर उभी करा आणि मग मधल्या माउंटपासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे आवळत जा.