चेतासंस्थेत ग्लिया पेशींचं काम काय? त्या चेतापेशींना फक्त आधार देतात, हे खरं का?

नाही. हे वाक्य मीही पाठ केलं होतं, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. पुढे उजव्या मनगटात काच घुसली आणि मीडियन नर्व्ह (मनगटातून हातात जाणारी नस) तुटली.

सर्जननी नस जोडली, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिरच. ते म्हणाले, "मी फक्त टोकाला टोक लावलंय. कापाच्या पुढचा तंतू मरणारच. नवा वरून वाढत येईल, दिवसाला साधारण 1 मिलिमीटर." त्याला वाट दाखवतात त्या श्वान पेशी, म्हणजे ग्लियाच. जुनं मायलिन (तंतूवरचं चरबीयुक्त आवरण) त्या फोडतात, साफसफाईला मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या पेशी) बोलावतात, मग रांग धरतात आणि वाढीला लागणारी प्रथिनं सोडतात. मी रोज रात्री मनगटापासून पुढे बोटाने टिचक्या मारत जायचो. जिथे मारल्यावर बोटांत झिणझिण्या येत, तिथे पेनाने खूण करायची. आठवड्याला अर्धा-पाऊण सेंटिमीटर खूण पुढे सरकायची. ती तळहाताच्या मध्यावर आली त्या रात्री मी रडलो.

मेंदूत आणि मज्जारज्जूत मायलिन ऑलिगोडेंड्रोसाइट या ग्लिया बनवतात. तिथे तुटलेल्या तंतूला अशी मदत मिळत नाही. उलट तिथल्या मायलिनमधली काही प्रथिनं वाढ रोखतात. बाकीच्या ग्लिया थोडक्यात: ॲस्ट्रोसाइट सिनॅप्सपाशी (दोन चेतापेशींच्या जोडापाशी) सांडलेलं ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन आणि जादा पोटॅशियम उचलतात, मायक्रोग्लिया पहारा देतात आणि नको असलेले सिनॅप्स छाटतात.

आमचे सर म्हणायचे, "ग्लिया म्हणजे डिंक, एक ओळ पुरे." जर्मन शास्त्रज्ञ व्हिर्शोने 1856 मध्ये नाव त्याच अर्थाने ठेवलं, हे मान्य. पण स्पॅनिश शास्त्रज्ञ रिओ-ओर्तेगाने मायक्रोग्लिया वेगळ्या ओळखल्या त्या 1919 मध्ये. सरांचा तास त्यानंतर कितीतरी वर्षांनी झाला. ग्लिया चेतापेशींच्या दसपट असतात, हेही त्यांचंच. 2009 च्या मोजणीत दोन्ही जवळपास सारख्याच निघाल्या, प्रत्येकी 8,500 कोटींच्या आसपास. तुम्ही शिकवत असाल तर श्वान पेशींना एक पूर्ण तास द्या, डिंक हा शब्द न वापरता.

आधार देणं हेही त्यांचं एक काम आहेच, ते उत्तरात जरूर लिहा. आणि माझा हात सुधारला त्यात वयाचा आणि चांगल्या टाक्यांचाही वाटा आहे. सगळ्यांचं इतकं भरून येत नाही. माझ्याही तर्जनीच्या टोकाला अजून कापूस गुंडाळल्यासारखं वाटतं.