कॅम्पर व्हॅनला कोणतं पेट्रोल?

भाऊ, आधी पेट्रोलच्या झाकणाजवळचं स्टिकर आणि गाडीचं मॅन्युअल बघा. तिथं 91 ऑक्टेन लिहिलं असेल तर त्याहून जास्त ऑक्टेनचं महागडं पेट्रोल भरून ताकद वाढत नाही. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हेच. दाबाखाली पेट्रोल आपोआप पेट न घेता किती टिकतं, त्याचं ते माप. हवा-पेट्रोलचं मिश्रण 9 ते 10 पट दाबणाऱ्या (म्हणजे तेवढ्या कॉम्प्रेशनच्या) साध्या व्हॅन इंजिनाला नेहमीचं पुरतं. टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) असेल तर कंपनी सांगेल तेच.

खरी परीक्षा मे महिन्यात. पारा 42 वर, मागे पलंग, भरलेली पाण्याची टाकी, गॅस, आणि चाळीसगावकडून कन्नडचा घाट चढायचा. वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबताच डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला, तर ते नॉकिंग, म्हणजे पेट्रोल दाबाखाली आपोआप पेटतंय. लगेच पाय सैल करा, खालचा गिअर टाका. तसंच रेटलं तर पिस्टन जातो. आवाज वारंवार येत असेल तर एक टाकी जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरून बघा. थांबला तरी प्लग, कूलंट आणि इंजिनात साचलेला कार्बन तपासाच. मूळ दोष बऱ्याचदा तिथंच सापडतो.

पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलकडे (एक अल्कोहोल) मात्र जास्त लक्ष द्या. 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल हवेतली ओल ओढतं, पाणी जास्त झालं की वेगळा थर तळाशी बसतो. पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, जवळजवळ भरून ठेवा. गाडी एप्रिल 2023 पूर्वीची, म्हणजे 20 टक्के इथेनॉल धरून न बनवलेली असू शकेल अशी असेल, तर पेट्रोलचे रबरी पाइप दर सर्व्हिसला बोटानं दाबून बघा. फुगलेला, चिकट किंवा भेगाळलेला दिसला की बदला.