तेल ‘गाळायचं’ की पाणी ‘निवळायचं’?

सांगलीहून विचारणा आहे: तेलविहिरीतून तेलाबरोबर वर येणाऱ्या पाण्याविषयी लिहिताना ‘पाण्यातलं तेल गाळणे’ चालेल का, आणि ‘इमल्शन’ला, म्हणजे बारीक थेंबांच्या रूपात पाण्यात मिसळून राहिलेल्या तेलाच्या मिश्रणाला, काय म्हणावं?

‘गाळणे’ सरसकट नको. गाळायला मधे फडकं, चाळण, वाळू असं काहीतरी लागतं. इथं पहिलं काम नुसतं पाणी संथ करून होतं. साध्या टाकीत १५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरचे तेलाचे थेंब आपोआप वर येतात आणि तवंग धरतो, मिसळीच्या कटावर धरतो तसा. तवंग ‘काढायचा’, पाणी ‘निवळतं’. पावसाळ्यात कृष्णेच्या पाण्यात तुरटी फिरवली की गाळ तळाला बसतो, इथं तेल वर जातं, क्रियापद तेच.

खरी अडचण बारीक थेंबांची. व्यास निम्मा झाला की चढायचा वेग चौथाईवर येतो. मग वायूचे बुडबुडे सोडून थेंब त्यांना चिकटवतात आणि वर आणतात. याला ‘तरंगवणे’ म्हणा, ‘घुसळणे’ नको. दही घुसळलं की लोणी गोळा होतं. इथं घुसळलं की थेंब आणखी फुटतात. म्हणूनच टाकीच्या अलीकडे वेगाने फिरणारा पंप किंवा अर्धवट उघडा व्हॉल्व्ह टाळतात.

इमल्शनला ‘पायस’ हा पारिभाषिक शब्द आहे. वाचणाऱ्याला आधी खीर आठवते, हे खरं; पहिल्यांदा ‘पायस, म्हणजे इमल्शन’ असं लिहून पुढे जावं. रसायन घालून थेंब एकत्र आणणं म्हणजे ‘पायस फोडणे’. दूध नासतं तसाच प्रकार, पण ‘नासणे’ला बिघाडाचा वास आहे. रसायनाची मात्रा जास्त पडली तर थेंब पुन्हा सुटेच राहतात.

‘गाळणे’ शोभतं ते शेवटी, अक्रोडाच्या कवचांच्या भरडीतून पाणी सोडतात तिथं. भरड तेलाने भरली की उलट्या प्रवाहाने धुऊन घेतात.

एक न विचारलेलं: ‘तेलमुक्त पाणी’ लिहू नका. भारतीय नियमांत समुद्रातल्या तेलविहिरींच्या फलाटांवरून सोडायच्या पाण्याला लिटरमागे ४० मिलिग्रॅम तेलाची मर्यादा आहे, जमिनीवर १०. शिवाय बेंझिनसारखे विरघळलेले घटक ना तवंगात येतात, ना निवळण्याने जातात. ‘तेल काढलेलं पाणी’ पुरे.