नाव नंतर, आधी पत्ता सांग

बेटा,

फोटो मिळाले. खाली तुझा एका ओळीचा प्रश्न, "काका, याचं नाव काय?" नाव मी सध्या सांगत नाही, आणि भाव खाऊन राहिलो असं समजू नको. फोटोत दगड आहे, तुझा तळहात आहे, मागे गच्चीवरची टाकीसुद्धा आहे, फक्त तो दगड आला कुठून ते कुठंच नाही. कामठीकडच्या नाल्यातला, की उमरेड रोडवर खाली झालेल्या मुरमाच्या ट्रकमधला, की कोण्या मामानं स्पितीहून आणून दिलेला, यावर त्याचं नाव पूर्ण बदलतं. म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे, चहा घेऊन बस.

तू ज्या दगड फोडायच्या रील्स बघून राहिली ना, टक्कन हातोडी मारली की गोटा दोन फाकांत उघडतो आणि आत फर्नचं पान, त्या बहुतेक अमेरिकेतल्या इलिनॉयच्या, मॅझन क्रीक भागातल्या असतात. तिथं जुन्या कोळसा खाणींचे ढिगारे आहेत, त्यातून हे लालसर तपकिरी गोटे निघतात, काँक्रीशन म्हणतात त्यांना, वय साधारण ३१ कोटी वर्षं. झालं असं की नदीच्या मुखाजवळच्या चिखलात पान म्हणा, कोळंबी म्हणा, पटकन गाडलं गेलं, सडायला लागलं, सडवणाऱ्या बॅक्टेरियांनी आसपासच्या पाण्याची केमिस्ट्री बदलली आणि चिखलातलं लोह आणि कार्बोनेट तिथंच एकत्र येऊन सिडेराइट नावाचं खनिज जमत गेलं, संक्रांतीच्या हलव्यात तिळावर पाक चढत जातो तसं. यातली मोठी गोष्ट म्हणजे हे सगळं वरच्या गाळाच्या वजनानं चिखल दबायच्या आधी झालं, म्हणून बाहेरच्या शेलमधलं, म्हणजे चिखल दबून झालेल्या पापुद्र्यांच्या दगडातलं, पान पार चपटं झालेलं असतं आणि गोट्यातल्याला अजून थोडा उठाव असतो. पाण्यात सल्फेट जास्त असेल तर लोह गंधकाकडे जातं आणि पायराइट बनतं, चुना जास्त असेल तर कॅल्साइटचा गोटा होतो. म्हणजे आत काहीही नसलं तरी गोटा कशाचा आहे यावरून तिथलं पाणी कसं होतं ते कळतं. आणि बहुतेकांच्या आत काहीच नसतं, ते रीलवाले दाखवत नाहीत.

असा एक गोटा कदाचित तुझ्या आजीच्या देवघरातच असेल. शाळिग्राम. नेपाळात काली गंडकीच्या पात्रात मिळणारा काळा गोटा, जुरासिक काळातल्या समुद्री शेलमधून सुटून आलेला, आणि त्यातलं चक्र म्हणजे अमोनाइटचं शंख, माकूळ आणि ऑक्टोपसच्या गोतावळ्यातला प्राणी. आजीला विचारून भिंगातून नीट बघ, चक्राच्या बाहेरच्या कडेवरच्या रेघा कशा वळतात, मधे फाटा फुटतो का ते कागदावर काढ. फोडायचा नाही हे वेगळं सांगायची गरज नसावी.

आता हातोडी. मॅझन क्रीकचे जाणते लोक हातोडी शेवटी काढतात. गोटे पाण्यात भिजवून हिवाळ्यात बाहेर ठेवून देतात, आत शिरलेलं पाणी गोठून फुगतं, वितळतं, परत गोठतं, आणि गोटा त्याच्या सगळ्यात कच्च्या पातळीवर उघडतो, जी बहुतेकदा जीवाश्माचीच पातळी असते. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ वर, थंडीतही बादली काही गोठत नाही, म्हणून हे काम घरच्या फ्रीजरकडे. कोणी तिकडचे गोटे पाठवलेच तुला, तर आधी काही दिवस पाण्यात भिजू दे, मग जुन्या प्लास्टिकच्या डब्यात पाण्यासकट, झाकण सैल, रात्री फ्रीजरमध्ये आणि सकाळी बाहेर. अशा बऱ्याच फेऱ्या लागतात, काही गोटे उघडतच नाहीत. पण आईला आधी विचार, मटारच्या पाकिटाशेजारी दगड दिसले तर शिमगा माझ्या नावानं होईल. ठोकायचंच असेल तर गोटा कडेवर उभा धरून कडेलाच हलके ठोके द्यायचे, डोळ्यांना सेफ्टी चष्मा (फॅशनचा गॉगल नाही बरं), आणि सुताराची हातोडी अजिबात नाही, दगडावर मारली की तिच्याच तोंडाची कपची उडते आणि ती सरळ डोळ्यात जाते. जिओलॉजिकल हॅमर घे, थोडी महाग पडते पण घे.

उघडला की दोन्ही फाका ठेवायच्या. पोट्टे काय करतात, ज्या बाजूला पान चांगलं दिसतं ती ठेवतात आणि दुसरी फेकून देतात. अरे, एका फाकेवर उठाव असतो आणि दुसरीवर त्याचा साचा, कधी शीर इकडे दिसते आणि देठ तिकडे.

आता आपल्याकडचं. नागपूरच्या आसपास मॅझन क्रीकसारखं काहीतरी मिळेल या आशेनं प्रत्येक गोल दगड फोडत सुटू नको, कारण इथं गोल दगडांचा सुकाळ आहे आणि त्यातले बहुतेक कामाचे नाहीत. काळ्या मातीत पांढुरके, वेडेवाकडे कंकर निघतात, ते जमिनीतल्या चुन्याचे, त्यात पानबिन काही नाही. थोडं खरवडून त्या पुडीवर व्हिनेगरचा थेंब टाक, फसफसेल. सिडेराइट थंड ॲसिडमध्ये जेमतेम हालचाल करतो, तेवढ्यावरूनही बराच उलगडा होतो. दुसरं म्हणजे बेसाल्टचे गोटे. आपला काळा दगड झिजताना पापुद्रे सुटत सुटत गोल होतो आणि मग कोणीतरी "डायनोसॉरचं अंडं सापडलं" म्हणून मेसेज टाकतं, मला तर असे फॉरवर्ड येऊन येऊन राहिले. अंड्याला कवच एकच असतं, मिलिमीटर-दोन मिलिमीटरचं, भिंगाखाली त्यात बारीक छिद्रं दिसतात. एक पापुद्रा काढला की खाली दुसरा, त्याच्या खाली तिसरा, तर ते बेसाल्ट. आणि तिसरं, मनसर-भंडारा हा आपला मँगनीजचा पट्टा, तिकडच्या दगडांच्या चिरांवर काळी फांद्याफांद्यांची नक्षी मिळते, बघताक्षणी फर्न वाटते. ते मँगनीजचं ऑक्साइड आहे, चिरेतून शिरलेल्या पाण्यानं सोडलेलं. खऱ्या पानाला देठ असतो, मधली शीर असते, पाकळ्यांचं, म्हणजे दांडीवरच्या छोट्या पानांचं, माप ठराविक बदलत जातं, नक्षी मात्र चिरेच्या कडेपासून सुरू होते आणि वाट फुटेल तशी पसरते.

मग आपल्याकडं आहे काय? भरपूर आहे. कामठीच्या नावानं तर खडकांची एक अख्खी फॉर्मेशन आहे, पर्मियन म्हणजे डायनोसॉरांच्याही आधीच्या काळातली, लोहानं लालपिवळे झालेले वाळूखडक आणि मधेमधे चिकणमातीचे थर, त्यात ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाची पानं. ती ओळखायची पद्धत शिक. पान जिभेच्या आकाराचं, मधोमध ठळक शीर, आणि बाजूच्या शिरा सरळ कडेला न जाता एकमेकींना मिळत जाळी करतात. भर दुपारी वरून बघशील तर तुला फक्त एक डाग दिसेल. संध्याकाळी दगड आडवा धर, मोबाईलचा टॉर्च अगदी बाजूनं, दगडाला जवळजवळ टेकवून मार, दहापट भिंग डोळ्याला लाव आणि दगड भिंगाकडे आण, मग ती जाळी एकदम उठून येते, मधल्या शिरेजवळ घरं लांबट आणि मोठी, कडेकडे बारीक होत गेलेली. जाळी आहे पण मधली शीर नाहीच, तर ते गंगामॉप्टेरिस असू शकतं. आणि आडव्या रेघांनी चौकोन-चौकोन पडलेला दांड्यासारखा ठसा मिळाला तर तो कोणत्या प्राण्याचा मणका वगैरे नाही, व्हर्टेब्रारिया आहे, ग्लॉसोप्टेरिसच्याच झाडाचं मूळ. एकाच झाडाच्या पानाला एक नाव, मुळाला दुसरं. इलिनॉयमध्येही तेच, कॅलमाइट्स खोड आणि अॅन्युलेरिया त्याची चक्राकार पानं. सुटे सुटे सापडले, सुटी सुटी नावं पडली.

म्हणूनच पत्त्याचा हट्ट धरून बसलो. तू जी मॅझन क्रीकची गाइड डाउनलोड केली आहे ती चांगलीच आहे, त्यातून पेकॉप्टेरिस आणि न्यूरॉप्टेरिस या फर्नसारख्या पानांमधला फरक जरूर शिक: पाकळी पूर्ण बुडानं दांडीला चिकटलेली तर पेकॉप्टेरिस, बूड बदामासारखं आणि एकाच बिंदूवर टेकलेलं तर न्यूरॉप्टेरिस, आणि पाकळ्यांची बुडं खाली ओघळून एकमेकींना जोडलेली तर अॅलेथॉप्टेरिस. पण ती गाइड घेऊन कामठीचं पान जुळवायला बसू नको. ते गोटे बनले तेव्हा इलिनॉय विषुववृत्ताजवळ होतं, उष्ण दलदल, आणि आपली जमीन दक्षिणेकडे गोंडवन नावाच्या जुन्या महाखंडात, थंडीतली. झाडंच वेगळी.

दुसरा खजिना म्हणजे लाव्हाच्या दोन थरांमधली तळ्यांची माती, इंटरट्रॅपियन, साधारण ६.६ कोटी वर्षांची. शहराच्या वायव्येला टाकळीला स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी गोड्या पाण्यातल्या गोगलगायी, बिया, फळं गोळा केली, आणि नागपूर परिसराच्या भूगर्भावर त्यांचा लेख १८५५ साली लंडनच्या जिओलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. हिस्लॉप कॉलेजचं नाव ज्यांच्यावरून ते हेच. १८६३ मध्ये टाकळघाटाहून परतताना पुरात बुडून गेले बिचारे. शहर त्या जागांवर केव्हाच पसरलं, पण कोणत्या थरात काय मिळालं ते त्यांनी लिहून ठेवलं म्हणून तो माल आजही अभ्यासाला येतो. पुढे छिंदवाड्याकडच्या मोहगाव कलानच्या चर्टमधून, म्हणजे गारेसारख्या कठीण सिलिकाच्या दगडातून, वनस्पतींच्या जीवाश्मांचे अभ्यासक बिरबल साहनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी फळंफुलं पेशींसकट ओळखली, दगड कापून पातळ काचपट्ट्या करून. चर्ट हातोडीनं उघडत नाही आणि घरी उघडायचाही नाही. त्याला लागतं हायड्रोफ्लोरिक ॲसिड, ते हाडापर्यंत जातं, ते काम युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्येच. ऑनलाइन मिळतं म्हणून मागवशील तर याद राख.

आणि दिसायला भंगार वाटतं ते फेकू नको. मॅझन क्रीकच्या गोट्यांत एक आकारहीन लोळा इतका मिळतो की गोळा करणारे त्याला नुसतं "ब्लॉब" म्हणायचे आणि बरेच जण तिथंच टाकून यायचे. शास्त्रज्ञ त्याला जेलीफिश समजत होते, नाव एसेक्सेला. २०२३ मध्ये पुष्कळ नमुने एकत्र तपासले तेव्हा मांडलं गेलं की हा जेलीफिश नाही, सी ॲनेमोन, म्हणजे तळाला धरून राहणारा फुलासारखा समुद्री प्राणी, आहे आणि इतकी वर्षं आपण उलटा धरून बघत होतो. लोकांनी ब्लॉब ठेवले नसते तर हे कशावर बघितलं असतं? आपलं उदाहरण त्याहून झकास आहे, वरोऱ्याजवळचं पिसदुरा. तिथल्या लाल मातीत डायनोसॉरच्या काळातल्या लेंड्या मिळतात, दगड झालेल्या. विष्ठाच ती, कोण शोकेसमध्ये ठेवणार. २००५ मध्ये त्यांच्या आत गवताच्या पानांतले सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले, त्यात भाताच्या कुळाशी नातं असलेले पण, आणि डायनोसॉर होते तेव्हा गवत होतं हे सिद्ध झालं. वरोऱ्याच्या शेणानं जगभरची पुस्तकं बदलली बाप्पा!

बाकी झटपट सांगतो. दगड उचलायच्या आधी जागेवरच फोटो, शेजारी मोजपट्टी, मोबाईलवर लोकेशनचा स्क्रीनशॉट. गाव, नाला, कोणत्या थरातून, की खाली सुटा पडलेला, हे सगळं त्याच दिवशी वहीत, कारण घरी येईपर्यंत आपण अर्धं विसरतो. दगडाच्या मागच्या बाजूला पांढऱ्या नेलपेंटचा ठिपका, त्यावर बारीक पेननं नंबर, दोन्ही फाकांना एकच नंबर, पुढे अ आणि ब. ठेवायला अंड्यांचा ट्रे बेस्ट. वार्निश लावायचं नाही, फेविक्विक तर नाहीच, तुटला तर तुकडे एका पुडीत ठेव. सोनेरी चमक असेल तर ते पायराइट असण्याची शक्यता, आपल्या जुलैच्या दमटपणात ते ओल धरून ॲसिड सोडतं आणि नमुन्याचा भुगा करतं, म्हणून हवाबंद डबा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या, बुटांच्या खोक्यात येतात त्याच. लेबलवर नाव पेन्सिलीनं लिही, नाव बदलतं. जागा शाईनं लिही.

नियमांचं पण ऐक. जंगल खात्याच्या हद्दीतून दगडही उचलायचा नाही, वन कायद्यात तो वनोपजातच धरला आहे. शेतात जायचं तर मालकाला विचारून, तूर उभी असताना बांधावरून. ओपनकास्ट खाणीत किंवा तिच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर परवानगीशिवाय पाय ठेवायचा नाही, इलिनॉयमध्ये चढतात म्हणून आपण चढायचं असं नाही, तिथले ढिगारे जुने बसलेले, आपले चालू खाणीचे, ते घसरतात आणि आतून जळतही असतात. हाड दिसलं, मोठं किंवा अनेक, तर खणू नको. फोटो आणि लोकेशन घेऊन सेमिनरी हिल्सला जिओलॉजिकल सर्व्हेच्या ऑफिसात नाहीतर युनिव्हर्सिटीच्या जिओलॉजी डिपार्टमेंटला कळव. हाड कोणत्या बाजूला तोंड करून पडलं होतं, शेजारी काय होतं, हे एकदा उपटलं की गेलं.

पाऊस संपला की नाल्यांचे काठ ताजे कापलेले असतात, माती धुतलेली असते, दिवाळीच्या आसपास एखाद्या रविवारी जाऊ. सकाळी सहाला निघायचं, दहाच्या आत परत. बूट पायात घट्ट बसणारे, टोपी, दोन बाटल्या पाणी, जुने पेपर गुंडाळायला, आणि ती पेन्सिल. मैत्रिणीला आणायचं तर आण, पण एकच, गाडीत दगडांना जागा लागते.

तुझा,
काका

ता.क. ॲसेक्सेला नव्हे, एसेक्सेलाच, वहीत नीट लिही. आणि फोटोतल्या दगडाचा पत्ता पाठव.